धाकटीचा घसा

मोठ्या चादरीची एकट्या माणसाला घडी घालता येत नाही. घालून बघावी. एक टोक हनुवटीखाली धरावं तर दुसरं जमिनीला लागतं, आणि धुतलेली चादर जमिनीला लागली की ती धुतलेली राहत नाही. म्हणून लॉन्ड्रीच्या मागच्या खोलीत दोन जावा दिवसभर समोरासमोर उभ्या असत. चार टोकं दोघींत वाटून घ्यायची, एक झटका द्यायचा, चादर ताणायची, चालत एकमेकींकडे यायचं, टोकाला टोक भिडवायचं, पुन्हा मागे सरायचं. हॉटेलच्या चादरी, दवाखान्याच्या चादरी, हॉलमधली लांबलचक टेबलक्लॉथं. दिवसभरात कितीतरी वेळा त्या एकमेकींच्या नाकापर्यंत येत आणि मागे जात, आणि गेले कित्येक दिवस दोघींत एका शब्दाची देवाणघेवाण झाली नव्हती.

एरवीही या दोघींमधून विस्तव जात नव्हता, पण एरवी निदान भांडण तोंडाने होई. या वेळी अबोला होता, आणि त्या घरात अबोल्याला कायदा होता. तो सासूबाईंनी घालून दिलेला: अबोला धरल्यावर जो आधी बोलेल, चूक त्याची. सासूबाईंनी स्वतः एकदा सासऱ्यांशी अख्खा उन्हाळा न बोलता काढला होता, आणि शेवटी सासऱ्यांच्या तोंडून जेवताना "मीठ दे" निघालं तेव्हा तो खटला निकालात निघाला. सासूबाई गेल्या, सासरे गेले, धुलाईची मशिनं बदलली, कायदा तेवढा शाबूत राहिला.

या वेळचा खटला गुलाबी चादरींचा. हॉटेलच्या पांढऱ्या चादरींत कुणाचा तरी लाल ॲप्रन गेला आणि अख्खी खेप गुलाबी होऊन बाहेर आली. हॉटेलचा माणूस दारात उभा राहून नको नको ते बोलून गेला. त्या दिवशी कपडे निवडायला दोघीच होत्या. थोरली म्हणाली, "मी पांढऱ्याला हातसुद्धा लावला नाही." धाकटी म्हणाली, "मग काय ॲप्रन आपल्या पायांनी चालत गेला?" थोरली म्हणाली, "तुझ्या माहेरी जात असतील कपडे चालत." त्यावर धाकटीने ओठ मिटले ते मिटलेच. थोरलीनेही मिटले. आता जी आधी बोलेल तिने तो ॲप्रन टाकला, असं ठरल्यासारखंच होतं. आणि थोरली या घरात आल्यापासून एकही अबोला हरली नव्हती.

अबोल्यात बोलायचं नसतं, ऐकवायचं मात्र भरपूर असतं. थोरली वाफेच्या प्रेसला सांगे, "काही लोकांना वेळेवर यायची सवयच नाही." धाकटी ड्रायरला सांगे, "काही लोकांना दुसऱ्याच्या घड्याळाशिवाय दुसरं काही दिसतच नाही." यंत्रं बिचारी दोघींचं ऐकून घेत. थोरलीचा नवरा पुढच्या खोलीत मशिनांपाशी मूग गिळून बसे. धाकटीचा नवरा सकाळी गठ्ठे भरून व्हॅन घेऊन जाई तो संध्याकाळीच परते, आणि परतला की दोघी त्याच्या हाती एकमेकींसाठी निरोप देत. तो निरोप सांगताना एवढा अवघडून जाई की निम्मा निरोप पोटातच राही.

घसा आधी थोरलीचा बसला होता. नाक गळायला लागलं, शिंका सुरू झाल्या, खोकला आला, आवाज फाटक्या भोंग्यासारखा झाला. तिने मीठ घातलेल्या कोमट पाण्याच्या गुळण्या केल्या, गळ्याभोवती फडकं गुंडाळलं, एकही सुट्टी घेतली नाही आणि आठवड्याच्या आत बरी झाली. हे तिने प्रेसला अगदी तपशीलवार सांगितलं.

मग धाकटीचा घसा दुखायला लागला. खोकला नाही, शिंक नाही, नाक कोरडं ठणठणीत. नुसता घसा आणि ताप. ती मधूनच जबड्याखाली दोन बोटं दाबून बघे, तिथे गाठी आल्यासारखं वाटत होतं. टोकाला टोक भिडवताना तिच्या बोटांचा चटका बसला तेव्हा थोरलीला वाटलं, ही आत्ताच प्रेसपाशी जाऊन आली असेल. "लोकांचा घसा दुखला तर लोक झोपून नाही राहिले," तिने प्रेसला सांगितलं. "काहींना नुसतं निमित्त लागतं."

धाकटीने ते ऐकलं आणि झोपायला गेली नाही. जायला हवं होतं, पण अशा वेळी रजा घेणं म्हणजे अर्धी हारच. संध्याकाळी ती कोपऱ्यावरच्या औषधवाल्याकडे गेली. तो काउंटरवरूनच म्हणाला, "घशाला ना? सगळ्यांचाच धरलाय," आणि त्याने कॅप्सुलांचं एक पाकीट पुढे सरकवलं. घशात डोकावायचं तर लांबच, त्याने मान वर करून तिच्याकडे नीट पाहिलंसुद्धा नाही. दोन दिवसांत तिचा ताप उतरला, घास गिळता येऊ लागला. उरलेल्या कॅप्सुला तिने मोरीवरच्या फळीवर ठेवून दिल्या, पुन्हा कधी लागल्या तर असाव्यात म्हणून. थोरलीला ते अर्धं पाकीट दिसलं. "उतरलं नाटक," ती मनात म्हणाली.

नाटक उतरलं नव्हतं, आता कुठे सुरू होत होतं.

पहिली गोष्ट थोरलीच्या लक्षात आली ती ही, की धाकटीचे टोमणे बंद झाले. ड्रायरला काही सांगणं नाही, कपाटाला काही सुनावणं नाही. थोरलीने प्रेसला चांगला झणझणीत टोमणा ऐकवला आणि वाट पाहिली. उत्तर आलं नाही. तिला ते फार लागलं. अबोल्यातही माणसाने थोडी तरी जाण ठेवावी, समोरच्याला अगदीच भिंत समजू नये, असं तिचं मत होतं. हा धाकटीचा नवा डाव आहे, हे तिने ओळखलं. ओळखलं म्हणजे, तिला तसं वाटलं.

मग धाकटीने मान एका बाजूला धरायला सुरुवात केली. चादर घेऊन समोर आली की चेहरा सरळ नाही, मान उजव्या खांद्याकडे कललेली, नजर भलतीकडे. "माझं तोंड बघायचं नाही हिला," थोरलीने मनात नोंद केली. मधूनच धाकटी उजवा कान तळहाताने झाकून घेई. थोरली त्या वेळी नवऱ्याशी बोलत असली की हमखास. "माझा आवाजसुद्धा नको हिला." जेवायला बसली की दोन घास चिवडून ताट सरकवून देई. त्या आठवड्यात स्वयंपाक थोरलीचा होता. "माझ्या हातचं नको." दात तर उघडतच नव्हती, ओठांच्या फटीतून पाणी आत घ्यायची आणि तेही तोंड वेडंवाकडं करून. रोज सकाळी नवरा काही विचारी तर ती तोंडात काहीतरी धरल्यासारखं गुळमुळीत बोले. "आता नवऱ्याचेही कान भरलेले दिसतात, माझ्याविरुद्ध."

आणि वास. चादरीच्या मधोमध दोघी जवळ आल्या की धाकटीच्या तोंडाला कुजका वास येई. थोरलीला आधी किळस आली आणि मग तळपायाची आग मस्तकात गेली. माणूस वैरापायी काय काय करतं ते तिने पाहिलं होतं, पण वैरापायी दात घासायचं सोडलेलं माणूस ती पहिल्यांदाच पाहत होती.

शेवटचं म्हणजे ते थुंकणं. धाकटी कमरेला एक जुना टॉवेल खोचून ठेवू लागली आणि थोड्या थोड्या वेळाने त्यात थुंकू लागली. गिळत नव्हती, थुंकत होती. समोर, थोरलीच्या डोळ्यांदेखत. चादरीच्या एका झटक्याला थोरलीने मुद्दाम एवढा जोर लावला की धाकटी दोन पावलं पुढे ओढली गेली. तिने तोल सावरला, टोकं पुन्हा धरली आणि डोळे मिटले. थोरलीला त्या मिटलेल्या डोळ्यांतही उद्धटपणाच दिसला.

संध्याकाळी धाकटीचा नवरा स्वयंपाकघराच्या दारात घुटमळला. "वहिनी, तिला जरा बरं नाही, वाटतं."

"वाटतं म्हणजे? तुम्हाला माहीत नाही?"

"बोलत नाही ना ती."

"माझ्याशीही नाही बोलत," थोरली म्हणाली. "मी काय दवाखाना शोधला?"

तो निघून गेला. त्याच्या जागी दुसरा कोणी असता तर त्याने तिथेच बायकोला तोंड उघडायला लावलं असतं. पण हाही याच घरात वाढलेला. गप्प माणसाला कधी छेडायचं नाही हे तो आईच्या मांडीवरच शिकला होता. आपली बायको गप्प आहे म्हणजे रागावली आहे, यापलीकडे काही असू शकतं असं त्याच्या डोक्यातच आलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी दवाखान्याच्या चादरी घडी घालायला घेतल्या होत्या. थोरलीने झटका दिला आणि पलीकडून झटका आला नाही. धाकटीच्या हातातून दोन्ही टोकं सुटली आणि पांढरीशुभ्र, अजून कोमट असलेली चादर फरशीवर पसरली. लॉन्ड्रीत याहून मोठी शिवी नाही. थोरलीच्या ओठांवर शब्द आलेच होते, पण ओठांवर आलेले शब्द गिळायची त्या घरात सगळ्यांना सवय होती. तिने वर धाकटीकडे पाहिलं.

धाकटी टेबलाच्या कडेला दोन्ही हात टेकून पुढे वाकली होती. हनुवटी पुढे काढलेली, तोंड जेमतेम बोटभर उघडं. त्या फटीतून लाळेची तार लोंबत खालच्या चादरीवर पडत होती आणि तिला ती पुसायचंही भान नव्हतं. श्वास आत जाताना आवाज येत होता. कुणीतरी अरुंद नळीतून हवा ओढावी तसा. तिने वर पाहिलं. त्या डोळ्यांत राग नव्हता, लोभ नव्हता, थोरली तर त्यात कुठेच नव्हती. त्यात फक्त भीती होती.

तरीही थोरली एक क्षण थांबली. हे खोटं सांगून चालणार नाही. एक क्षण तिने विचार केला, की बोलले तर हरले.

मग ती पुढच्या खोलीकडे तोंड करून ओरडली, "अहो, व्हॅन कुठे आहे बघा. हिला श्वास लागलाय." धाकटीशी ती बोलली नाही. नवऱ्याशी बोलली. घाबरलेली असतानाही कायदा तिच्याकडून आपोआप पाळला गेला.

नशिबाने त्या दिवशी दीर दुसऱ्या खेपेसाठी परतला होता आणि दारातच व्हॅनमध्ये गठ्ठे भरत होता. गठ्ठे बाहेर फेकले आणि दोघी मागे बसल्या. आडवं केलं तर धाकटी हात झटकू लागली, म्हणून तिला पुढे वाकवूनच बसवलं. थोरलीने तिचं कपाळ आपल्या खांद्यावर टेकवून घेतलं आणि वळणावळणाला धरून ठेवलं. कपाळ भाजत होतं. लाळ थोरलीच्या पदरावर सांडत होती. रस्ताभर थोरली तिच्याशी एक अक्षर बोलली नाही. दिराने घाईघाईत व्हॅन नेली ती दवाखान्याच्या मागच्या दाराशी, जिथे तो रोज मळक्या चादरी उचलायला थांबतो. तिथला माणूस गठ्ठे मागायला लागला. तेव्हा कुठे दिराच्या लक्षात आलं, आणि तिघं त्याच दाराने, रिकाम्या ढकलगाड्यांच्या मधून वाट काढत आत गेली.

कान-नाक-घशाची डॉक्टर बारीक चणीची, चष्मा कपाळावर चढवलेली बाई होती. तिने धाकटीला खुर्चीत ताठ बसवलं, बोटाला ऑक्सिजन मोजायचं यंत्र लावलं आणि तोंड उघडायला सांगितलं. तोंड उघडेना. जेवढं उघडलं तेवढ्यात तिने जीभ दाबून बॅटरी मारली.

"कधीपासून?" तिने दिराला विचारलं.

"घसा दुखत होता, मधे बरा झाला..."

"कुठल्या बाजूला दुखतो?"

दिराने बायकोकडे पाहिलं, छताकडे पाहिलं.

"उजव्या," थोरली म्हणाली. "आधी दोन्हीकडे होता. तेव्हा ताप होता, खोकला नव्हता, सर्दी नव्हती. गळ्याला गाठी चाचपायची. मग कॅप्सुला घेतल्या, दोनच दिवस. बरं वाटल्यावर सोडल्या. त्यानंतर नुसती उजवी बाजू. कान धरते तोही उजवाच. मान त्याच बाजूला कलते. तोंड उघडत नाही, घास जात नाही, थुंकी गिळत नाही, टॉवेलात थुंकते. तोंडाला वास येतो. बोलणं असं, तोंडात गरम घास ठेवल्यासारखं."

डॉक्टरने चष्मा खाली ओढून तिच्याकडे नीट पाहिलं. "आई का तुम्ही?"

"जाऊ."

"टॉन्सिलच्या मागे पू साठलाय," डॉक्टर म्हणाली. तिचे हात बोलता बोलता ट्रे मांडत होते. "गळू झालंय. पडजीभ बघा कुठे ढकलली गेलीय, पार डावीकडे. आणखी सुजलं असतं तर श्वास बंद. तुम्ही बाहेर थांबा."

बाहेर बाकावर दीर हात चोळत बसला आणि थोरली उभी राहिली. दार पूर्ण लागलं नव्हतं. घसा बधिर करायचा फवारा मारल्याचा आवाज आला, मग बाटल्यांचा, मग डॉक्टरचं "पुढे वाका, थुंका, थुंका सगळं, गिळू नका." मग धाकटीचा एक आवाज आला, रडण्याचा की सुटकेचा ते कळलं नाही. त्यानंतर श्वास ऐकू येईनासा झाला. थोरली दाराच्या फटीशी सरकली. थोड्या वेळाने तिच्या ध्यानात आलं, की श्वास ऐकू येत नाही याचं कारण तो आता सगळ्यांच्या श्वासासारखा चाललाय.

आत बोलावलं तेव्हा धाकटी खाटेवर उशांना टेकून बसली होती. हाताला सलाईन, त्यातून औषध चाललेलं. चेहरा रक्त गेल्यासारखा पांढरा, पण मान सरळ. डॉक्टर हात पुसत होती आणि संतापली होती, कारण आता संतापायला फुरसत होती.

"बहुतेक घसे विषाणूने दुखतात," ती म्हणाली. "सर्दी, खोकला, शिंका, आणि आपोआप बरे होतात. त्यांना कॅप्सुला लागत नाहीत."

"माझा तसाच होता," थोरली म्हणाली.

"असेल. हिचा नव्हता. खोकला नाही, ताप आहे, गाठी आहेत, तेव्हाच कुणीतरी आत बघायला हवं होतं, घशाचा नमुना तपासायला हवा होता. आणि औषध सुरू केलं तर पुरं करायचं असतं. बरं वाटलं म्हणून मधेच सोडायला ती काय टीव्हीवरची मालिका आहे?" तिने पुसायचा कागद टोपलीत टाकला आणि थोरलीकडे वळली. "मला तुमचं कळत नाही. नवऱ्याला बाजू सांगता येत नाही. तुम्ही तर मला पुस्तकातलं लक्षण न् लक्षण सांगितलंत, एक सोडलं नाहीत. एवढं सगळं रोज दिसत होतं, मग हिला आणलं का नाही?"

दीर सलाईनची नळी सारखी करू लागला.

"मला वाटलं," थोरली म्हणाली, "ती मला करून दाखवतेय."

"काय करून दाखवतेय?"

"सगळंच. मान वळवणं, थुंकणं, न जेवणं." खोलीत मोठ्याने म्हटल्यावर ते वाक्य इतकं केविलवाणं झालं की तिला ते परत घ्यावंसं वाटलं. "आमचा अबोला होता."

डॉक्टरला त्यातलं काही समजलं नाही आणि समजून घ्यायचीही तिची इच्छा दिसली नाही. "पू होता तो," ती म्हणाली. "त्याला तुम्ही कोण, कुठल्या, काही माहीत नव्हतं." आणि ती पुढच्या पेशंटकडे निघून गेली.

धाकटीने घसा साफ करायचा प्रयत्न केला. दीर पुढे झाला, "नको बोलूस, दुखेल." तिने हाताने त्याला बाजूला केलं. आवाज खरखरीत होता, पण तोंडातला घास आता गेला होता, शब्द न् शब्द स्वच्छ येत होता. ती सरळ थोरलीकडे बघून बोलली.

"मी तिथे मेले असते ना वहिनी, तरी तुम्हाला वाटलं असतं, तुम्हाला खिजवायला मेले."

थोरलीने 'नाही' म्हणायला तोंड उघडलं. ती वयाने मोठी होती, दीर समोर होता, आणि अशा वेळी कुठलंही शहाणं माणूस 'असं कसं बोलतेस गं' म्हणून मोकळं होतं. पण व्हॅनमध्ये ते तापलेलं कपाळ खांद्यावर असताना, ती लाळ पदरात झिरपत असताना, तिच्या मनात आलेला पहिला विचार तिला आठवला. आता ही मरेल, आणि जाता जाता जन्मभराची बदनामी माझ्या माथी मारून जाईल. अशीच आहे ही.

"वाटलं असतं कशाला," थोरली म्हणाली. "वाटलंच होतं."